तलकाडचे अण्णा

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. म्हैसूरच्या लॉजच्या नोंदवहीत त्यांचं नाव आहे, कोणत्या साली कोणती जबाबदारी सांभाळली तेही आहे. पाटबंधारे खात्याच्या जुन्या कागदांतही असेल. पण शेजारी म्हणून ते कसे होते आणि माणसांना मदत कशी करायचे, हे कुठे लिहिलेलं नाही. ते पाहिलेली माणसं एकेक करून कमी होत चालली आहेत, म्हणून मी लिहायला बसलो आहे.

माझी बदली १९८८ च्या जूनमध्ये बेळगावहून बँकेच्या तलकाडच्या शाखेत झाली. म्हैसूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, तिरुमकुडल नरसीपूर तालुक्यात, कावेरीच्या डाव्या काठावरचं हे गाव. एके काळी गंग घराण्याची राजधानी. पुढे चोळांकडे गेलं, त्यांच्याकडून होयसळ विष्णुवर्धनाने जिंकलं आणि विजयाची खूण म्हणून बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं. नंतर हे सगळं वाळूखाली गेलं. आजही जुन्या देवळांकडे जायचं तर वाळूच्या टेकड्या तुडवत, सुरूच्या आणि निलगिरीच्या झाडांमधून चालावं लागतं. देऊळ समोर दिसतं ते खड्ड्यात उतरल्यावर. आषाढात वारा सुटला की गावातल्या घरांच्या उंबऱ्याशीही बारीक वाळू साचायची. माझी बायको सकाळी एकदा झाडायची आणि दुपारी पुन्हा.

घर भाड्याचं होतं, कौलारू, पुढे जगली म्हणजे ओटा, मध्ये उघडा चौक. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री चौकातलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात आलं. आम्ही दोघं आणि तीन वर्षांचा मुलगा, सामान पाटावर चढवून बसलो. सकाळी शेजारचे गृहस्थ आले. उंच, काळेसावळे, पांढरं धोतर, पांढरा शर्ट, साठीच्या आसपासचे. हातात कापडी पिशवी. आदल्या आठवड्यात नमस्कार झाला होता तेवढाच. पिशवीतून त्यांनी पाणसळ काढली, ओळंबा काढला, दोरी काढली. ‘‘पाणी घरात का येतं ते पाण्यालाच विचारू या,’’ म्हणाले आणि चौकात उकिडवे बसले. फरशीचा उतार दोन बोटं उलटा होता. दुसऱ्या दिवशी एक गवंडी घेऊन आले, दगडी फरशा उकरल्या, खालची भर नीट केली, स्वतः पाणसळ धरून पुन्हा बसवून घेतल्या. संध्याकाळी त्यांनी चौकात कळशीभर पाणी ओतलं आणि ते मोरीकडे जाईपर्यंत उभे राहिले.

मी पैसे विचारले. ते म्हणाले, ‘‘साहेबरे, तुमच्याकडे ज्वारीची भाकरी हातावर थापतात म्हणे. आमच्या घरात कुणी ती पाहिलेली नाही. तुमच्या घरच्यांना वेळ असेल तर आमच्या हिला शिकवा.’’ बेळगावहून आम्ही ज्वारीचं पोतं आणलं होतंच. आठवडाभरात त्यांच्या घरी भाकरी आणि आमच्या घरी रागीमुद्दे म्हणजे नाचणीचे गोळे सुरू झाले. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणू लागलो आणि त्यांना अण्णा. मी ‘साहेबरे’चा ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, कधी झालो ते कळलं नाही.

हे भाकरीचं मी मुद्दाम सांगितलं. अण्णांचा सगळा स्वभाव त्यात आहे. ते कुणालाही काही दिलं की लगेच त्याच्याकडून काहीतरी मागून घ्यायचे. मागणं लहान असायचं, त्या माणसाला सहज जमेल असं, आणि खरंच उपयोगाचं. फुलं विकणाऱ्या एका विधवेला ते आमच्या शाखेत जामीन राहिले आणि तिला सांगितलं, दर शुक्रवारी अक्कासाठी एक गजरा ठेव. कालव्यावरच्या एका नीरगंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाटकऱ्याच्या, मुलाची फी त्यांनी भरली आणि त्या मुलाला काम दिलं की अण्णांच्या आईची दृष्टी गेली आहे, तिला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखव. मुलगा चार वर्षं वाचत होता. म्हातारी त्याच्या उच्चारांवर रागवायची, आणि तो हक्काने घरात यायचा, ताक मागून प्यायचा. उपकाराखाली दबलेलं पोर असं येत नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची एवढी काळजी घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दानशूर माणसं मी बँकेच्या नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यांच्या दारात जाणाऱ्यांचे चेहरेही पाहिले.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि बरीचशी नोकरी माधवमंत्री बंधाऱ्यावर आणि त्याच्या कालव्यावर केली. तलकाडजवळ कावेरीवर विजयनगरच्या काळात घातलेला हा बंधारा. त्याचं पाणी आजही तिथल्या भाताला आणि उसाला जातं. अण्णांची स्वतःची जमीन याच कालव्याच्या शेवटच्या टोकाला होती, जिथे पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी पोचतं. तीस वर्षं पाणी वाटणाऱ्या माणसाने ती बदलून घेतली नाही.

वाळूबद्दल विचारलं की ते दोन गोष्टी सांगायचे. एक अलमेलम्माची. विजयनगरच्या श्रीरंगपट्टणच्या प्रतिनिधीची ही राणी. १६१० साली म्हैसूरच्या राजा वडेयरांनी श्रीरंगपट्टण घेतलं. तिच्या दागिन्यांसाठी शिपाई मागे लागले तेव्हा तिने मालंगी गावाजवळ कावेरीत उडी घेतली, आणि तलकाडवर वाळू येईल, मालंगीला डोह होईल, म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही असा शाप दिला, अशी कथा आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या खात्याची. नदी तिथे मोठं वळण घेते, बंधाऱ्यामुळे प्रवाहाची चाल बदलली, उन्हाळ्यात वाळूची बेटं उघडी पडायची आणि नैर्ऋत्येचा वारा ती वाळू उचलून गावावर टाकायचा. शापाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. एका बाईला तिच्या वस्तूंसाठी नदीपर्यंत पळवलं, हे त्या कथेत खरं आहे असं ते म्हणायचे.

महिन्यातून एकदा अण्णा दुपारी त्यांच्या येझ्दीवर काळी चामडी बॅग बांधून म्हैसूरला जायचे. येझ्दी म्हैसूरच्याच आयडियल जावाच्या कारखान्यातली, त्यांना तिचा अभिमान. परतायचे मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी. गावात म्हणायचे, ‘लॉजला गेलेत.’ आपल्याकडे लॉज म्हटलं की उतरायची खोली डोळ्यांपुढे येते. हे लॉज फ्रीमेसन लोकांचं. दगडकाम करणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघटनांपासून इंग्लंडमध्ये ही बंधुसंस्था वाढली, कंपनीच्या साहेबांबरोबर इथे आली. सुरुवातीला ती साहेबांचीच होती. मुंबईत १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं ते हिंदी माणसांना त्यात येता यावं म्हणून. पुढे २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत अण्णा सभासद झाले. दारं बंद करून सभा होतात म्हणून लोक काहीबाही बोलतात. उत्तरेत तर त्या इमारतींना जादूघर म्हणायची पद्धत होती. तलकाडमध्ये कुणी विचारलं तर अण्णा बॅग उघडून आतला पांढरा एप्रन दाखवायचे आणि बंद करायचे. मला त्यांनी कधी ‘चल’ म्हटलं नाही.

१९९० च्या श्रावणात माझ्या बायकोला सातव्या महिन्यातच रात्री रक्तस्राव सुरू झाला. अण्णांनी भाताच्या गिरणीची जीप काढायला लावली, गिरणीतल्या फोनवरून म्हैसूरला फोन केला आणि आमच्याबरोबर बसले. अक्का मागच्या सीटवर बायकोचं डोकं मांडीवर घेऊन. त्या रस्त्याचे खड्डे मी आजही सांगू शकेन. चेलुवांबा हॉस्पिटलच्या दारात दोन अनोळखी माणसं उभी होती. एक छापखान्याचे मालक, मुसलमान. दुसरे कोडगूचे, कॉफीच्या व्यापारातले. रात्रीचे दोन वाजून गेले होते. दोघांनी रक्त दिलं, डॉक्टरांशी बोलले, मला बाकावर बसवून कॉफी पाजली. सकाळी मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची. दोघीही वाचल्या. मी त्या दोघांचे हात धरले तर छापखानेवाले म्हणाले, ‘‘अण्णांचा फोन आला होता.’’ जणू एवढं कारण पुरेसं होतं.

अण्णांनी या वेळीही मागणं केलं. एक, मुलीला घरी नेण्याआधी वैद्येश्वराच्या पायरीवर घेऊन या. तलकाडच्या पंचलिंगांतलं हे मुख्य देऊळ. तल आणि काड नावाच्या दोन पारध्यांनी कुऱ्हाड घातलेल्या झाडातून रक्त वाहिलं आणि शिवाने स्वतःची जखम स्वतः बरी केली म्हणून तो वैद्येश्वर, गावाला नाव त्या दोघांचं. आणि दुसरं, ‘‘आता वर्षातून एकदा तूही रक्त देत जा.’’ वयाच्या नियमाने थांबवेपर्यंत मी देत आलो.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी त्यांना विचारलं, ती माणसं तुमची कोण? म्हणाले, लॉजमधली. मग मी विचारलं, मला येता येईल का? त्यांचा चेहरा उजळला. ‘‘आम्ही कुणाला बोलवत नाही. माणसाने स्वतःहून विचारावं लागतं. दोन वर्षं वाट बघत होतो.’’

चौकशी, मतदान, सगळं होऊन प्रवेश मिळायला काही महिने गेले. विधीचं वर्णन मी करणार नाही, तसा शब्द दिलेला आहे. वेदीवर गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब शेजारी शेजारी असतात आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवायचा असतो; सभेत धर्म आणि राजकारण यांवर बोलायचं नसतं; गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ ही गवंड्याची हत्यारं तिथे वागणुकीची खूण म्हणून मानतात. हे पुस्तकांतून छापलेलं आहे. तसंच छापलेलं आणखी एक सांगतो. नव्या माणसाच्या अंगावरचा पैसाअडका, धातूचं सगळं आधी काढून घेतात. आणि मग भर सभेत त्याच्याकडे गरजूंसाठी दान मागतात. हात खिशाकडे जातो आणि खिशात काही नसतं.

त्या रात्री येझ्दीवर मागे बसून परत येताना नरसीपूरच्या पुलाच्या अलीकडे अण्णांनी गाडी थांबवली. म्हणाले, ‘‘खिशात हात घातलास तेव्हा कसं वाटलं ते विसरू नको. तुझ्या टेबलापुढे कर्जाला उभा राहणारा माणूस रोज तसाच उभा असतो.’’ बँकेच्या प्रशिक्षण केंद्रांत मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली. त्यानंतरच्या नोकरीत मला उपयोगी पडलं ते हे वाक्य. मी अर्जदाराला आधी खुर्ची द्यायला लागलो. नाही म्हणायचं असेल तर कारण त्याच्या भाषेत सांगायला लागलो.

लॉजमध्ये अण्णांकडे आल्मोनरचं काम होतं. आजारी बंधू, गेलेल्या बंधूंच्या बायका, त्यांची मुलं, यांची विचारपूस करणं आणि मदत पोचवणं. हा हुद्दा दरवर्षी दुसऱ्याकडे गेला तरी काम अण्णांकडेच राहायचं. ते पैसे पाकिटातून पाठवायचे नाहीत. स्वतः जायचे, जेवायच्या वेळी जायचे आणि ‘भूक लागली आहे’ म्हणून त्या घरी जेवायचे. एका रेल्वेतल्या बंधूच्या बायकोकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिने तांदळाची अक्की रोट्टी वाढली. वाढता वाढता ती नवऱ्याबद्दल मोकळेपणाने बोलली, हसलीसुद्धा. निघताना अण्णांनी मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीचा विषय काढला तो असा, की जणू तिनेच त्यांना जेवायला बोलावून एक सल्ला दिला होता.

आता १९९१ चा डिसेंबर. कावेरी लवादाने जूनमध्ये अंतरिम आदेश दिला होता की कर्नाटकाने तमिळनाडूला वर्षाला २०५ टीएमसी पाणी सोडावं. डिसेंबरमध्ये तो राजपत्रात आला आणि बंगळुरू, म्हैसूरकडे तमिळ माणसांवर हल्ले सुरू झाले. घरं जळली, माणसं मारली गेली, हजारो लोक पोराबाळांसह सीमेपलीकडे पळाले. मी बेळगावचा मराठी माणूस. भाषेच्या आणि हद्दीच्या भांडणात रस्त्यावरची गर्दी कशी दिसते ते मला लहानपणापासून ठाऊक होतं, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

तलकाडला तेव्हा सेलमकडचं एक गवंड्याचं कुटुंब शाळेच्या खोल्यांच्या कामावर होतं. नवरा, बायको, म्हातारी सासू, तीन मुलं. माळावर झोपडी. म्हैसूरच्या बातम्या आल्या त्या संध्याकाळी अण्णा तिकडे गेले आणि सगळ्यांना सामानासकट घरी घेऊन आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला म्हणाले, ‘‘माझ्या गोठ्याची मागची भिंत कधीची बांधायची आहे. दगड पडलेलाच आहे. सुरू कर. मजुरी शाळेवर मिळते तेवढीच, रोजच्या रोज.’’ गोठ्याला भिंतीची घाई नव्हती. पण त्या घरात ते कुटुंब लपून बसलेलं नव्हतं, कामाला आलेलं होतं. गवंड्याची बायको गारा कालवत होती, अक्का तिला ताक नेऊन देत होती, मुलं आमच्या मुलाबरोबर चौकात खेळत होती. करणीचा आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

तिसऱ्या दिवशी आसपासच्या गावांतली पोरं आली, वीस-पंचवीस. हातात काठ्या. मी बँकेतून धावत आलो. अण्णा जगलीवर बसले होते. ते उठले नाहीत. म्हणाले, ‘‘कावेरीचं पाणी किती येतं, कुठे जातं, हे मी तीस वर्षं पट्टीवर वाचलं आहे. माझं शेत टेलला आहे, पाणी तुटलं तर पहिलं माझं वाळतं. ज्याला पाण्याबद्दल बोलायचं आहे त्याने वर येऊन बसावं. मागे जो भिंत बांधतो आहे त्याने कावेरीतून एक घागरसुद्धा नेलेली नाही.’’ काही पोरं खाली बघू लागली. त्यांतल्या कुणाची फी, कुणाच्या घरचा जामीन माझ्याही लक्षात होता. दोघं वर येऊन बसले आणि खरोखरच बोलू लागले, रागाने, उसाबद्दल, कर्जाबद्दल. अण्णांनी त्यांना तासभर ऐकून घेतलं, आकडे सांगितले, लवादाचा निकाल शेतकऱ्याला जड आहे हेही सांगितलं. सगळे एकदम निघून गेले असं झालं नाही. चार-पाच जण रात्री उशिरापर्यंत कोपऱ्यावर घुटमळत होते. त्या रात्री आणि पुढच्या बऱ्याच रात्री मी, नीरगंटी आणि त्याचा मुलगा अण्णांच्या जगलीवर झोपलो.

भिंत पूर्ण व्हायला आठ-दहा दिवस लागले. तोवर बाहेर शांत झालं होतं. अण्णांनी ओळंबा लावून पाहिला, एका ठिकाणचा दगड काढून पुन्हा बसवायला लावला, शेवटची मजुरी हातावर ठेवली. जानेवारीच्या सभेला आम्ही म्हैसूरला गेलो. आमच्या लॉजमध्ये तमिळ बंधू होते, मंड्याचे ऊसवाले होते. कावेरीबद्दल नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. दानाची पिशवी फिरली ती मात्र नेहमीपेक्षा फार जड झाली आणि पैसे कुठे जायचे हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

१९९२ मध्ये माझी बदली झाली. पुढची वर्षं भराभर गेली. निवृत्तीनंतर आम्ही म्हैसूरलाच घर केलं, याचं मुख्य कारण अण्णा आणि अक्का. २००९ च्या नोव्हेंबरात पंचलिंग दर्शन आलं. कार्तिकातल्या सोमवारी ठराविक योग जुळला तरच ते होतं, त्यामुळे मधे कधी तीन, कधी सात वर्षं जातात आणि मग लाखो माणसं वाळू तुडवत पाची देवळं करतात. ऐंशीच्या घरातल्या अण्णांनी वाटेवर पाणपोई घातली. आम्ही लॉजमधले दहा-बारा जण वाढपी. पाणपोईवर त्यांनी कन्नडमध्ये पाटी लावली होती: पाणी प्यालात, आता जमेल त्याने एक कळशी भरून आणावी. नळ वाळूच्या टेकडीपलीकडे होता. मला वाटलं, यात्रेतली दमलेली माणसं कशाला आणतील? दिवसभरात आमचं एकही पिंप रिकामं पडलं नाही. नऊवारी नेसलेल्या आमच्या निपाणीकडच्या चार बायका बसने आल्या होत्या. त्यांना कन्नड वाचता येत नव्हतं, मी पाटीचा मजकूर सांगितला. त्यांनी पदर खोचले आणि दोन खेपा घातल्या.

२०१६ च्या उन्हाळ्यात अण्णा गेले, झोपेत. कावेरीच्या काठावर दहन झालं. म्हैसूरहून सगळे बंधू आले, प्रत्येकाने एकेक हिरवी डहाळी ठेवली, ती आमची रीत. छापखान्याचे मालक आता स्वतः पंच्याऐंशीचे, त्यांना दोघांनी धरून वाळूतून आणलं. काठ्या घेऊन आलेल्या त्या वेळच्या पोरांपैकीही काही होते, आता पोक्त झालेले. लाकडं त्यांनीच रचली होती.

त्याच वर्षी सप्टेंबरात पाण्यावरून पुन्हा पेटलं. बंगळुरूत तमिळनाडूच्या बसगाड्या जाळल्या, रस्ते बंद झाले. मी त्या आठवड्यात अक्काकडे राहायला गेलो होतो. दुपारी फोन वाजला. सेलमहून तो गवंडी बोलत होता. आता तो ठेकेदार झाला होता, मुलगा हाताखाली होता. अण्णा गेल्याचं त्याला उशिरा कळलं होतं. टीव्हीवर पाहून घाबरला होता. अक्का एकट्या आहात का, काही लागतं का, कुणी त्रास दिला का, विचारत होता, आणि मधेच रडू लागला.

अक्काने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, ‘‘मी बरी आहे. पण तू बांधलेल्या गोठ्याच्या भिंतीला वरच्या अंगाला चीर गेली आहे. रस्ता सुरू झाला की ये आणि बघून जा.’’

दिवाळीच्या आधी तो मुलाला घेऊन आला, पाणसळ आणि करणी पिशवीत घालून.